मुळावरच्या गाठी

भुईमुगाचे झाड उपटले की मुळांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. आमच्या घरी लहानपणी म्हणत, ‘मुळाला कीड लागली!’ आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो.

वाचक बंधू-भगिनींनो, ती कीड नव्हे. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण कोणत्याही पिकाला ते थेट घेता येत नाही. हे जिवाणू हवेतले नत्र पिकाला पचेल असे करून देतात आणि पीक त्यांना पानांत तयार झालेली साखर देते. जर्मनीच्या हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८८ साली हे प्रयोगाने दाखवून दिले.

पीक फुलावर आले की एक झाड खुरप्याने मातीसकट काढावे. ओढून उपटू नये, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळे पाण्यात हलकेच धुऊन एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू आहे असे समजावे. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्याचेच हे भावंड! गाठ आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर तिचा उपयोग नाही. युरिया जास्त पडला तरी गाठी कमी धरतात, म्हणजे खर्च करून नुकसान.

भातखाचरात दुसरा सोबती आहे, निळे-हिरवे शेवाळ. नावाला शेवाळ, पण तेही जिवाणूच; उन्हावर स्वतःचे अन्न तयार करणारे. भातात खत न घालताही नत्र टिकते ते याच्यामुळे, हे पी. के. डे यांनी १९३९ साली मांडले. लावणीनंतर आठवड्याने साचलेल्या पाण्यात हेक्टरी १० किलो वाळवलेले शेवाळ फेकतात. चांगले वाढले तर हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असते सुमारे २० किलो. ज्याचे शेत अर्धा एकर आणि खत उधारीवर, त्याने हा हिशेब जरूर करावा. मात्र खाचर कोरडे पडले की शेवाळाचे काम थांबते.

कडधान्यासाठी जिवाणूंचे पाकीट मिळते. ते घेताना पिकाचे नाव आणि मुदत वाचावी, हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही. गुळाच्या गार पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. बियाण्याला बुरशीचे औषध लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी.

हे आम्ही शिकलो ते पैसे घालवून. पहिल्या वर्षी पाकीट पत्र्याखालच्या फळीवर ठेवले आणि चोळलेले बी उन्हात पसरले. जिवाणू हा जीव आहे, उन्हाने मरतो, हे ध्यानातच आले नाही. पीक पिवळे पडले, मुळाशी जेमतेम चार-दोन गाठी, त्याही पांढऱ्या. दोष पाकिटाला देऊन मोकळे झालो होतो, पण घरच्या बाईने विचारले, “दही विरजताना दूध उकळते ठेवता का?”

आता पाकीट माठाशेजारी असते.