मसुरीच्या खिडकीतला गोष्टीवाला

दोस्तांनो, मे महिन्याची सुट्टी लागली की तुमच्यापैकी कितीजण आजोळी पळतात? आंबे, भावंडं, दुपारचे पत्त्यांचे डाव आणि 'उन्हात जाऊ नका रे' अशी आजीची हाक! आता एका अशा मुलाची ओळख करून घ्या, ज्याला शाळेत घातल्यावर मे महिन्याची सुट्टी अशी मिळालीच नाही. त्याची शाळा होती सिमल्याला. डोंगरातल्या जुन्या निवासी शाळांना मोठी सुट्टी असते ती थंडीत, डिसेंबरपासून पुढे. तिथं त्या दिवसांत बर्फ पडतं ना! म्हणजे तुम्ही कैऱ्या पाडत असता, तेव्हा हा मुलगा वर्गात बसलेला असायचा.

या मुलाचं नाव रस्किन बाँड. इंग्रजी लिहिणारा, पण भारतातच वाढलेला लेखक. तुमच्या वयाच्या मुलामुलींसाठी त्यांनी इतक्या गोष्टी लिहिल्या, की मोजायला बसलं तर दमछाक होईल.

रस्किनचा जन्म १९ मे १९३४ चा, कसौलीचा. लहानपणीची काही वर्षं गेली आपल्या शेजारच्या गुजरातेत, जामनगरला. वडील तिथल्या राजघराण्यातल्या मुलांना शिकवायचे. राजवाड्याच्या बागेत कॉसमॉसची फुलं त्याच्या डोक्याहून उंच वाढलेली असत आणि तो त्यांच्यामधून फिरत राही. पुढं दुसरं महायुद्ध सुरू झालं, वडील हवाई दलात गेले आणि दिल्लीला आले. आईवडील तोवर वेगळे झाले होते. आठ वर्षांचा रस्किन वडिलांजवळ राहिला.

दिल्लीचा उन्हाळा म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्यांना विचारा! दाराखिडक्यांना वाळ्याचे पडदे लावायचे आणि भिस्ती येऊन त्यांवर पाणी मारून जायचा. वडील कचेरीत गेले की घरात रस्किन एकटाच. सोबतीला चावीचा ग्रामोफोन, पुस्तकं आणि पोस्टाची तिकिटं. संध्याकाळी वडील आले की दोघं मिळून तिकिटं लावत बसायचे, नाहीतर कॅनॉट प्लेसला सिनेमा बघायला जायचे. शाळा नाही, आई जवळ नाही, बाहेर रणरणतं ऊन. कोणी म्हणेल, काय हे बिचाऱ्याचं बालपण! पण रस्किन बाँड आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा काळ म्हणून याच दिवसांकडे बोट दाखवतात.

मग १९४३ साली तो सिमल्याच्या बिशप कॉटन शाळेत दाखल झाला. वडिलांची बदली कलकत्त्याला झाली. ते नेमानं पत्रं लिहायचे, सुट्टीत काय काय करायचं त्याचे बेत कळवायचे. आणि १९४४ मध्ये, रस्किन दहा वर्षांचा असताना, आजारपणात ते वारले. ही बातमी त्याला शाळेतच कळली.

यानंतरची गोष्ट वाचताना माझ्या तर पोटात खड्डा पडला. शाळेतल्या एका मोठ्या माणसानं रस्किनकडून वडिलांची पत्रं मागून घेतली. हरवू नयेत, नीट जपून ठेवतो म्हणाला. सत्र संपलं तेव्हा रस्किन पत्रं मागायला गेला, तर त्या गृहस्थांच्या ती लक्षातही नव्हती! पत्रं पुन्हा मिळाली नाहीत. एक मात्र रस्किननं आधीच स्वतःजवळ ठेवून घेतलं होतं. तेवढं वाचलं.

असा मुलगा पुढं कडवट व्हायला हवा होता, नाही का? सगळ्यांवर रागावलेला, कुढणारा. रस्किन पुस्तकांत शिरला. शाळेच्या वाचनालयात तो तासन् तास बसायचा. एकलकोंडा होता असंही नाही हं, फुटबॉलच्या संघात तो गोलकीपर होता! शाळेतल्या गमतीजमतींवर त्यानं एक वही भरून लिहिलंही होतं, पण ते एका शिक्षकांच्या हाती लागलं आणि वही फाडली गेली. आईबाबांनो, ही ओळ तुमच्यासाठी. मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर काय काय असतं, ते फाडण्याआधी एकदा वाचून बघा.

शाळा संपली आणि १९५१ साली घरच्यांनी त्याला इंग्लंडकडे रवाना केलं. आधी जर्सी नावाचं बेट, मग लंडन. दिवसभर कारकुनी, रात्री भाड्याच्या खोलीत लिहिणं. लंडनमध्ये तो आजारी पडला, हॉस्पिटलात राहावं लागलं आणि एका डोळ्याची नजर अधू झाली. बाहेर धुकं आणि पाऊस. आणि आत हा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा काय लिहीत होता? डेहराडूनची गल्ली, बाजार, चाट, होळीचे रंग आणि तिथले आपले मित्र! घरची इतकी आठवण यायची, की तिचीच कादंबरी झाली.

'द रूम ऑन द रूफ' हे तिचं नाव. रस्टी नावाच्या मुलाला त्याचे कडक पालक बाजारात फिरू देत नाहीत. एका होळीला तो मित्रांबरोबर रंग खेळतो, घरी मार खातो आणि घर सोडून निघतो. गच्चीवरच्या एका खोलीत राहून किशन नावाच्या मुलाची शिकवणी करतो. हे सगळं आधी डायरीच्या रूपात होतं. प्रकाशकांकडच्या डायना ॲथिल यांनी त्याची कादंबरी करायला सुचवलं आणि मग ती पुन्हा पुन्हा लिहून झाली. तुम्हाला निबंध दुसऱ्यांदा लिहायला सांगितला की तोंड कसं होतं, ते आठवा जरा!

प्रकाशकांनी ५० पौंड आगाऊ दिले. त्या पैशांचं रस्किननं काय केलं असेल? बोटीचं तिकीट काढलं! १९५५ साली तो मुंबईच्या बंदरात उतरला आणि रेल्वेनं थेट डेहराडूनला गेला. पुस्तक छापून आलं १९५६ मध्ये आणि १९५७ मध्ये त्याला इंग्लंडचं जॉन लुएलिन ऱ्हीस पारितोषिक मिळालं. मुंबईहून निघणाऱ्या 'इलस्ट्रेटेड वीकली'नं ती कादंबरी क्रमशः छापली. पण बक्षिसावर कुणाचं पोट भरतं? डेहराडूनला एका किराणा दुकानावरच्या खोलीत राहून, मासिकांना गोष्टी पाठवून, मनीऑर्डरची वाट बघत दिवस काढायचे. दुकानाच्या मालकीणबाई पराठे आणि लोणचं द्यायच्या. लोणच्याचं वेड त्यांना आयुष्यभर राहिलं, बरं का!

मध्ये काही वर्षं दिल्लीत नोकरी केली. १९६० नंतरच्या दशकात ती सोडून ते मसुरीला आले आणि तिथलेच झाले. १९८० सालापासून लंढौरमधलं 'आयव्ही कॉटेज' हे त्यांचं घर. कॉटेज म्हटल्यावर बंगला डोळ्यांपुढे आणू नका. खोली छोटी, पलंगाशेजारी टेबल, टेबलाला लागून खिडकी. लग्न केलं नाही, पण घर भरलेलं. पूर्वी कामाला आलेल्या एका तरुणाचं कुटुंबच त्यांचं कुटुंब झालं. त्याची मुलं, मग नातवंडं, सगळी याच घरात वाढली.

त्यांच्या दिवसात साहस वगैरे काही नाही. सकाळी खिडकीशी बसून हातानं पान-दोन पानं लिहायची. कॉम्प्युटरच्या वाटेला ते गेले नाहीत. दुपारी जेवून एक डुलकी, आणि या डुलकीबद्दल ते उघडपणे, अभिमानानं लिहितात! पूर्वी लांब फिरायला जायचे. कित्येक वर्षं शनिवारी संध्याकाळी मसुरीच्या मॉलवरल्या पुस्तकाच्या दुकानात बसून मुलांना सह्या द्यायचे. वाढदिवशी तर तिथं रांग लागायची. लिहायला विषय कोणते? खिडकीत आलेला पक्षी, पत्र्यावरचा पाऊस, माकडं, वाटेत भेटलेला दूधवाला. एवढ्यावर शेकडो गोष्टी! साहित्य अकादमी पुरस्कार १९९२ मध्ये, पद्मश्री १९९९ मध्ये, पद्मभूषण २०१४ मध्ये. तरी लेखणी तशीच चालू.

अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या पुस्तकात डेहराडूनच्या झाडांची एक गोष्ट आहे. त्यात वडील आणि मुलगा पावसाळ्यात बाहेर पडतात आणि नदीच्या पात्रातल्या एका ओसाड बेटावर रोपं लावतात. कुणी सांगितलेलं नाही, जमीन त्यांची नाही. पुढं वडील जातात. मुलगा मोठा होऊन कैक वर्षांनी तिथं येतो, तर त्या झाडांचं छोटंसं रान झालेलं!

वाचायला कुठून सुरुवात करावी? पाचवी-सहावीतल्यांनी 'द ब्लू अम्ब्रेला' घ्या. डोंगरातल्या बिन्या नावाच्या मुलीची आणि तिच्या निळ्या छत्रीची गोष्ट आहे, पातळसं पुस्तक आहे. विशाल भारद्वाज यांनी त्यावर सिनेमाही काढला, पण तो नंतर बघा. आठवी-नववीतल्यांनी सरळ 'द रूम ऑन द रूफ' उघडावं. इंग्रजी अवघड नाही. अडलं तर ताईला विचारा, आणि होळीचं प्रकरण आलं की मोठ्यानं वाचा.