उसुरीकाठच्या तोफा

चीनच्या ईशान्य टोकाला, हेइलोंगजियांग प्रांतात, उसुरी नदीच्या काठी हुतौ हे लहानसे गाव आहे. नदीपलीकडे रशिया. गावाजवळच्या टेकड्यांच्या पोटात जपानच्या क्वांतुंग सेनेने १९३०च्या दशकात भुयारी किल्ला बांधला. राबले ते सक्तीने आणलेले चिनी मजूर. त्यांतले कित्येक घरी परतलेच नाहीत. आता तेथे भुयारे, फुटलेले काँक्रीट आणि तोफांच्या रिकाम्या जागा दिसतात.

सर्वांत मोठी तोफ ४१ सेंटिमीटर व्यासाची हॉवित्झर होती. गोळा सुमारे एक टनाचा, पल्ला जवळजवळ २० किलोमीटर. रोख होता पलीकडच्या ट्रान्स-सैबेरियन लोहमार्गावर, विशेषतः इमान नदीवरील पुलावर.

आपले पाठ्यपुस्तकातील सूत्र येथे लावून पाहू. हवेचा रोध सोडून दिला, तर ४५ अंशांत सुटलेल्या गोळ्याचा पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण. २० किलोमीटरसाठी वेग येतो सेकंदाला सुमारे ४४३ मीटर. गोळा ५ किलोमीटर उंच चढतो आणि ६४ सेकंदांनी खाली पडतो. प्रत्यक्षात हवेमुळे वेग याहून बराच अधिक द्यावा लागतो आणि उतरता मार्ग चढत्यापेक्षा उभा होतो.

लक्ष्य पूर्ण पल्ल्याहून जवळ असेल तर कोन दोन मिळतात. उदाहरणार्थ ३० आणि ६० अंश. हे कोष्टक विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. कमी कोनाचा गोळा समोरच्या टेकडीला अडेल, मोठ्या कोनाचा तिच्यावरून जाईल. म्हणूनच हॉवित्झर टेकडीआड लपवता येते. तिला लक्ष्य दिसण्याची गरज नसते. माथ्यावरच्या निरीक्षकाला ते दिसले आणि त्याने दूरध्वनीवरून आकडे कळवले की पुरते. नदीवर नजर ठेवणारी जागा आणि नदीपार मारा करणारी जागा अशा वेगळ्या असू शकतात. अवशेष पाहणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

पण २० किलोमीटरवर मारा करणाऱ्या तोफेला आपल्याच टेकडीवर चढलेला शत्रू टिपता येत नाही, आणि काँक्रीटमध्ये बसवलेली तोफ हलवताही येत नाही. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत हल्ला सुरू झाला. सैनिक थेट भुयारांच्या माथ्यावर पोहोचले. भुयारात माणसे राहायची तर हवेचे झरोके हवेतच; तेच आता हल्ल्याच्या वाटा झाले. आत सैनिकांसोबत आसपासच्या वसाहतींतील जपानी कुटुंबेही होती. १५ ऑगस्टला जपानच्या शरणागतीची घोषणा झाली. हुतौची लढाई २६ ऑगस्टपर्यंत चालू राहिली.