फोटोंची नोंदवही



धारूरसारख्या जुन्या गावात फोटोंना तोटा नाही. किल्ल्याची तटबंदी, शाळेचे गटफोटो, लग्नकार्ये, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे, ऊसतोडीला निघालेल्या गाड्या. समजा, शाळेने ते घरोघरून गोळा करून संगणकावर घेतले. दोन-तीन हजार झाले. आता हवा तो फोटो सापडावा कसा? नोंदणीसाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

डेटाबेस ही काही अगम्य वस्तू नव्हे. शाळेचे जनरल रजिस्टर आठवा. प्रत्येक मुलाला एक क्रमांक, तो पुन्हा दुसऱ्याला नाही, पुढे रकाने. फोटोंचेही तसेच: क्रमांक, काय दिसते, कोण, कुठे, केव्हा, फोटो कोणाकडून आला, आणि ही माहिती कोणी सांगितली. हा शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात बरं का! साल ठाऊक नसेल तर 'अंदाजे १९६० ते ६५' असे लिहावे. ठोकून दिलेल्या सालापेक्षा रिकामा रकाना बरा.

दोन-तीनशे फोटोंना लिब्रेऑफिस किंवा एक्सेलचा तक्ता पुरतो. पण एका गटफोटोत चाळीस मुले, आणि त्यांतलाच एक मुलगा पुढे दहा फोटोंत, असे झाले की तक्ता तोकडा पडतो. तिथे 'डिजिकॅम' हे मोफत सॉफ्टवेअर कामाला येते. तशी सोय चालू केली, तर ते नावे व माहिती खुद्द फोटोच्या फाइलीतही लिहून ठेवते. पुण्याच्या सीडॅकने 'जतन' नावाची प्रणाली केली आहे. पण ती मोठ्या संग्रहालयांसाठी. शाळेला एवढा पसारा कशाला?

माहिती फाइलीतच असावी, असे का म्हणतो? गूगलचे 'पिकासा' अनेकांनी वापरले. २०१६ साली ते बंद झाले. त्यात जुळवलेले अल्बम पिकासाच्या स्वतःच्या वेगळ्या फाइलींत असत; फोटो दुसरीकडे नेले की ती जुळणी मागे राहायची. म्हणून सॉफ्टवेअर घेताना आधी विचारावे, की सगळी माहिती साध्या सीएसव्ही फाइलीत बाहेर काढता येते ना? येत नसेल, तर फुकट मिळाले तरी नको.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या मराठी फाँटातला मजकूर दुसऱ्या संगणकावर नुसती भलतीच अक्षरे होऊन दिसतो. आणखी एक. एकाने 'धारूर' लिहिले, दुसऱ्याने 'किल्ले धारूर', तिसऱ्याने जुन्या कागदांतले 'फतेहाबाद', तर संगणकाला ती तीन गावे वाटतात. तेव्हा शब्द आधी ठरवून भिंतीवर यादी लावावी.

मात्र सॉफ्टवेअरसाठी काम अडवू नये. १९७२ साली विशीत असलेला माणूस आज सत्तरीपार आहे. खडी फोडणाऱ्यांतले चेहरे तोच ओळखील. उद्यापासून साधी वही घ्यावी, फोटोच्या पाठीमागे कडेला मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक घालावा, बॉलपेनने नव्हे, आणि अशा घरांपासून सुरुवात करावी.