दोन टक्क्यांच्या पलीकडे

कारखान्याने समाजाला काय द्यावे, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसविला. आज ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात मोडते. तेथे लक्ष्मणरावांनी शिवाशिव चालू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्यांना पहारेकरी नेमले. हा विश्वास कोणत्या खात्यावर मांडावा?

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर बंधन घातले : मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यासाठी खर्चावेत, आणि त्यात आपल्या परिसराला अग्रक्रम द्यावा. कर्मचाऱ्यांनी विनामोबदला केलेल्या कामाची किंमत लावून मात्र ती या खर्चात दाखविता येत नाही.

हे योग्यच आहे. तशी मुभा असती, तर चार माणसे शाळेत पाठवून कंपनी पैशातून सुटली असती. पण म्हणून श्रमदान निरर्थक ठरत नाही. पैशाने शाळेची कर्मशाळा उभी राहते; तेथे सुटीच्या दिवशी येऊन मुलांच्या हाती कानस देणाऱ्या फिटरची आपुलकी टक्क्यांत बसत नाही. दोन टक्के हा कायद्याचा हिशेब झाला. शेजारधर्म त्याच्यापुढे सुरू होतो.