पिलांच्या खाद्यात ओवा : किती व कशासाठी



उसाची नोंद द्यायला गट ऑफिसात आलेले सभासद हल्ली कोंबडीच्या पिलांचेही विचारतात. घरच्या मंडळींनी शे-दोनशे पिले आणलेली असतात, पहिल्या तीन आठवड्यांत त्यांतली बरीच हगवणीने जातात, आणि मग कोणीतरी वनस्पतीच्या तेलाची महागडी बाटली गळ्यात मारतो. "साहेब, हे घालू का?" माझा विषय ऊस खरा, पण पिले घरी पाळली आहेत म्हणून चार शब्द लिहितो.

अशा बाटलीत पुष्कळदा जे असते ते आपल्या मसाल्याच्या डब्यातही आहे. ओव्याच्या दाण्यात साधारण २ ते ४ टक्के उडून जाणारे तेल असते, त्यातला मुख्य घटक थायमॉल. पोट दुखले की आपण ओवा चावतो, तेव्हा जिभेला झणका लागतो तो याचाच. थायमॉल जंतूंच्या पेशीचे आवरण फोडतो, त्यामुळे आतड्यातील अपायकारक जंतूंना आळा बसतो. पूर्वी याच कामासाठी खाद्यात थोडे थोडे अँटिबायोटिक घालीत. त्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून युरोपात १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी ते घालणे बंद झाले, आणि आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिनवर बंदी आली. तेलांना भाव आला तो यामुळे.

आता प्रमाण. प्रयोगांत टनभर खाद्याला साधारण १०० ते २०० ग्रॅम तेल वापरतात. म्हणजे किलोला पाच-सहा थेंब. ते हाताने सारखे मिसळणे घरी जमत नाही. त्यापेक्षा ओवा बरा. १०० किलो खाद्याला अर्धा किलो ताजा कुटलेला ओवा घातला, तर ३ टक्क्यांच्या हिशेबाने १५ ग्रॅम तेल जाते, म्हणजे टनाला १५०. आधी पाच किलो खाद्यात कालवून मग सगळ्यात मिसळावा. भाजू नये, तेल उडते, आठवड्यापुरताच कालवावा. एका सभासदाने किलोला मूठभर घातला, तर पिलांनी खाद्यच सोडले!

वजन वाढेल का? प्रयोगांचे निकाल सारखे नाहीत. कुठे वाढले, कुठे काहीच फरक नाही. ऊब आणि कोरडी गादी यांपुढे ओवा दुय्यमच. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३२ ते ३५ अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करावी. गादी ओली झाली की रक्ती हगवण आलीच. कारखान्याचा बगॅस गादीला चालतो, पण खडखडीत वाळलेला. बुरशी चढलेल्या बगॅसने पिलांची फुप्फुसे बिघडतात. बुरशीच्या मक्याचे विषही ओव्याने उतरत नाही. मळी लहान पिलांना नकोच, विष्ठा पातळ होऊन गादी भिजते.

मानमोडीची लासोटा लस ५ ते ७ व्या दिवशी द्यायचीच, ओवा तिची जागा घेत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला (१९९८ पर्यंत हा तालुका धुळे जिल्ह्यातच होता) बर्ड फ्लू आला, पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातही. कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तसल्या रोगापुढे कोणतेही तेल चालत नाही. एकाएकी मर लागली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, मेलेली पिले नाल्यात टाकू नका.

बाटली घेण्यापूर्वी एवढे करा. अर्ध्या पिलांना ओवा द्या, अर्ध्यांना देऊ नका, बाकी सारे सारखे ठेवा. २१ व्या दिवशी दोन्हीकडची दहा-दहा पिले तोलून वजने वहीत लिहा, आणि ती वही पुढच्या खेपेस गट ऑफिसात घेऊन या.