रक्त थांबवावे, आणि वाहतेही ठेवावे

जखमेतून वाहणारे रक्त थांबविणे ही शल्यविद्येची पहिली कसोटी होय. सुश्रुतसंहितेत त्यासाठी संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले आहेत. सोळाव्या शतकात आंब्र्वाझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याने अवयव कापल्यावर डाग देण्याऐवजी तुटलेली रक्तवाहिनी दोऱ्याने बांधण्याचा पुरस्कार केला. बांधल्याने रोगी वाचतो खरा. परंतु त्या वाहिनीवर ज्याचे पोषण अवलंबून असते, तो अवयव पुष्कळदा निर्जीव होतो.

१८९४ च्या जूनमध्ये लियाँ शहरी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीचा वार झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर छेदली गेली. अशी वाहिनी भरवशाने शिवण्याची कला तेव्हा कोणास अवगत नव्हती. काही तासांतच त्यांचा अंत झाला. त्याच शहरातील आलेक्सी कारेल या तरुण वैद्याच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. ही कला शिकण्यासाठी तो कोणाकडे गेला? भरतकाम करणाऱ्या एका स्त्रीकडे! बारीक सुई, रेशमी धागा आणि हलका हात हे धडे त्याने तेथे गिरविले. १९०२ मध्ये त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. वाहिनीची दोन तोंडे तीन टाक्यांनी जोडून ताणली, की वर्तुळाचा त्रिकोण होतो आणि त्याच्या सरळ बाजू शिवणे सुलभ जाते. १९१२ मध्ये कारेलला नोबेल पारितोषिक मिळाले.

शिवण चालू असता वाहिनीस दोन्हीकडून चिमटे लावतात. पण थबकलेले रक्त गोठते, आणि ती गुठळी पुढची वाट बंद करते. म्हणून शल्यविशारद आधी रक्त गोठू न देणारे हेपारिन देतो. १९१६ मध्ये जे मॅक्लीन या अमेरिकन विद्यार्थ्याने केलेल्या संशोधनातून या औषधाचा मार्ग खुला झाला. काम संपल्यावर गरज भासल्यास प्रोटामिन देऊन त्याचा प्रभाव उतरवितात.

चिमटे सुटले, की सुईच्या छिद्रांतून रक्त पाझरते. उतावळा हात लगेच नवा टाका घालू पाहतो, आणि नवी छिद्रे पाडतो. अनुभवी हात मात्र कापडाची घडी काही मिनिटे अलगद दाबून धरतो. फुटलेल्या पाटाला बांध घालणे सोपे असते. कड सांधून पाणी शेतापर्यंत पोहोचविणे, हेच खरे कौशल्य.