हळद लागलेली गाडी

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या इतिहासाचे कालखंड पाडायचे झाले तर ते राजवटींवरून न पाडता वाहनांवरून पाडावेत, असे माझे मत आहे. सायकलकाळ, स्कूटरकाळ आणि मोटारकाळ. आमचे वडील सायकलकाळात नोकरीला लागले आणि सायकलकाळातच निवृत्त झाले. थोरले बंधू, म्हणजे दादा, स्कूटरकाळाचे मानाचे नागरिक. मी मराठीचा प्राध्यापक. त्यामुळे वारकऱ्यांप्रमाणे पायीच चालण्याकडे माझा ओढा. अशा आमच्या घराण्यात २०२३ सालच्या एप्रिल महिन्यात एक आठ आसनांची व्हॅन दाखल झाली. ती नवी नव्हती हे सांगायला नकोच. वय वर्षे बारा. लग्नाच्या बाजारातला शब्द वापरायचा तर बिजवर!

ही खरेदी हौसेची नव्हती. गुहागरला आमची माईमावशी असते. वय ब्याऐंशी, आणि डोळ्यांत काचबिंदू. मोतीबिंदू काढला की नजर परत येते. काचबिंदूचे तसे नाही. त्यात गेलेली नजर गेलीच. उरलेली राखायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. मार्चमध्ये तिचा आईला फोन आला, "दिसतंय तोवर एकदा येऊन जा गं. मग आलीस तर नुसता आवाजच ऐकायचा मी."

आईचे वय शहात्तर. दोन्ही गुडघे संपावर गेलेले. एसटीची पायरी तिला चढवणार नाही, असा ठराव घरात एकमताने कधीच मंजूर झाला होता. फक्त आईचे मत घ्यायचे राहिले होते. दोघी बहिणींची गाठ पडून नऊ वर्षे झाली होती. दादा त्या रात्री काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींवर लाल पेन्सिलीने खुणा दिसू लागल्या.

दादाने बँकेत तीस वर्षे काढलेली. त्यामुळे कागदपत्रे पाहावीत तर त्यानेच. आर. सी. बुक, विमा, पी. यू. सी., मालकी बदलण्याचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, सारे चोख. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे अजून तीन वर्षे घोर नाही. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, तोही त्याने तिसऱ्याच दिवशी करून घेतला. विकणारे गृहस्थ मोठे गोड होते. "गाडी नाही, घरची लक्ष्मी आहे," असे म्हणून त्यांनी एक लाख चाळीस हजार मोजून घेतले. थोडक्यात, पत्रिका छत्तीस गुणांनी जुळली. वधूची प्रकृती मात्र पत्रिकेत लिहिलेली नसते!

दादाने सुताराकडून सागवानी पायरी करून घेतली. नऊ इंच उंच, वर काथ्याचे पायपुसणे ठोकलेले, धरायला एका बाजूला दोरी. ही पायरी दारापाशी ठेवली की आई त्रास न होता गाडीत चढे. मधल्या बाकावर त्याने जाड फोम बसवून घेतला. चाळीत, सॉरी, सोसायटीत दोनदा रंगीत तालीमही झाली.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहाटे पाच वाजता आम्ही निघालो. आई, दादा, वहिनी, मी, आमच्या सौ., आमचे चिरंजीव आणि पुतणी असे सात जण, सोबत दशम्या, चटणी आणि माईमावशीसाठी चितळी बोरांएवढे बेसनाचे लाडू. लाडू लहान का, तर तिला दात नाहीत.

खंबाटकीपर्यंत गाडी गुणाने चालली. साताऱ्याकडून येणारांसाठी तिथे बोगदा होता. जाणारांनी मात्र घाट चढायचा. अर्ध्या घाटात इंजिनाच्या उष्णतेचा काटा उठला आणि लाल रेघेकडे चालू लागला. दादा म्हणाला, "हीटर लावा."

मे महिन्यात हीटर! पण त्यात शास्त्र आहे. मोटारीतला हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी त्यातून जाते आणि त्याची ऊब आत सोडली जाते. तो पूर्ण उघडला की इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते. म्हणजे प्रवाशांच्या अंगावर. सर्व खिडक्या उघड्या, आत भट्टी, आणि पदराने वारा घेत आई म्हणते आहे, "लावा, लावा. मला सवय आहे चुलीची." अशा थाटात आम्ही घाट चढलो, साताऱ्याला न्याहारी केली, उंब्रजला महामार्ग सोडून पाटणचा रस्ता धरला.

पाटण गेले, कोयनेचा काठ सुरू झाला आणि हेळवाकजवळ पुढून पांढरी वाफ उसळली. गाडीने एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि ती थांबली. कुंभार्ली घाट थोडक्यावर राहिला होता. घाट उतरला की चिपळूण, आणि चिपळूणपासून गुहागर साधारण पंचेचाळीस किलोमीटर.

चिरंजीव टोपण उघडायला धावले. समोरच्या चहाच्या टपरीतले म्हातारे गृहस्थ ओरडले, "हात लावू नगा!" बरे झाले ओरडले. रेडिएटरमधले पाणी बंद टोपणाखाली दाबलेले असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. टोपण सैल झाले की दाब सुटतो आणि त्या पाण्याची एकदम वाफ होऊन तोंडावर येते. त्यांनी बाकडे पुसून आईला बसवले आणि पाटणच्या ओळखीच्या मेस्त्रीला फोन लावला.

मेस्त्री येईपर्यंत दीड तास गेला. कोयना ही मोठी चमत्कारिक नदी. महाबळेश्वरला उगम पावते, सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. माणसाने तिला पुढे आणखी एक वळण दिले. धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडले. ते वीज करून वाशिष्ठीत उतरते आणि चिपळूणवरून समुद्राला जाते. डोंगराखालून पाणीसुद्धा कोकणात चालले होते. आम्ही तेवढे टपरीवर बसलो होतो!

टपरीवाल्या आजोबांनी आपण होऊन भूकंपाची गोष्ट काढली. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, सव्वाचारच्या पुढची वेळ. सुमारे १८० माणसे त्यात दगावली. ते तेव्हा लहान होते; घराच्या भिंतीखालून त्यांना उकरून काढले होते. आई ऐकत होती. ती म्हणाली, "आम्हांला गुहागरला जाणवला होता हो. फळीवरची भांडी धडाधड खाली आली. मी तेव्हा वीस वर्षांची, पण भीतीनं पाय हलेनात. माईनं माझा दंड धरून मला अंगणात ओढलं. उजाडेपर्यंत सोडला नव्हता."

ही गोष्ट मी शेहेचाळीस वर्षांत प्रथमच ऐकत होतो. दादाने ती ऐकली आणि तो उठून गाडीकडे गेला.

मेस्त्री आले. तिशीतला तरुण, बोलणे थोडे. इंजिन निवल्यावर त्यांनी तेलाचे टोपण काढून आतली बाजू दाखवली. "आईल बघा. दुधाच्या च्यावानी झालंय. पानी तेलात उतरलंय. हेडचं गॅस्केट गेलं." मग रेडिएटरमध्ये बोट घालून बाहेर काढले. बोट पिवळेधमक!

"ह्यात हळद हाय की!"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. मेस्त्रींनी समजावले, "बारीक गळती असली की हळद घालत्यात. चार दिस गळती थांबती. मग तीच हळद नळ्यात बसती, पानी फिरत न्हाई. इंजान तापंल न्हाई तर काय व्हईल?"

वहिनी एवढा वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या गृहस्थांनी हळद लावूनच बोहल्यावर उभी केली!"

त्या हसण्यात दादा सामील झाला नाही. मेस्त्रींनी त्याला पुढच्या वेळेसाठी चार गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांच्याही कामाच्या आहेत. जुनी गाडी पाहायला जाल तर इंजिन गार असताना जा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर का, ते विचारा. तेलाचे टोपण उलटे करून पाहा. रेडिएटरच्या पाण्याचा रंग पाहा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, त्यावरून टायरचे खरे वय कळते. आणि सपाट रस्त्यावर फिरवून समाधान मानू नका, चढावर न्या.

हेड लेथवर पाठवून घासून आणायचे, म्हणजे तीन दिवस. दादा म्हणाला, "मी गाडीपाशी थांबतो. तुम्ही परत जा." ते त्याने रस्त्याकडे पाहत सांगितले.

"परत का म्हणून?" आई म्हणाली. "एसटी जाते की इथून."

"आई, तुला पायरी चढवणार नाही."

"तू केलीयस ना पायरी? ती आण."

पाऊण तासाने कऱ्हाडकडून चिपळूणची लाल गाडी आली. कंडक्टरबाईंनी दार उघडले. दादाने ती सागवानी पायरी एसटीच्या दाराखाली ठेवली, एका हाताने दोरी आणि दुसऱ्या हाताने आईचा दंड धरला. आई एक, दोन, तीन करीत चढली. कंडक्टरबाई पाहतच राहिल्या. "काका, अशा पन्नास आमच्या डेपोला करून द्या!" म्हणाल्या. तेव्हा कुठे दादा हसला.

पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला धावली. म्हणजे आमची आई एसटीपेक्षा एका वर्षाने मोठी. त्या वडीलकीचा मानही तिला मिळाला. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीत पैसे पडत नव्हते आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट होते. आईने आधार कार्ड दाखवले, शून्य रुपयांचे तिकीट हातात घेतले आणि नीट घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवले. सौ., वहिनी आणि पुतणी अर्ध्या. चिरंजीव काकाजवळ मागे राहिले होते. त्यामुळे पूर्ण तिकिटाचा मान माझ्या एकट्याकडे आला.

चिपळूणला गाडी बदलून रात्री आठला आम्ही गुहागरला पोचलो. माईमावशी पडवीत दिवा लावून बसली होती. "अशी समोर बस," ती आईला म्हणाली. "कडेचं सगळं गेलं बघ. मधलं तेवढं दिसतं." आई पाटावर बसली. मावशीने दोन्ही हातांनी तिचे तोंड दिव्याकडे वळवले, खूप वेळ पाहिले आणि मग म्हणाली, "केस किती गं पिकवलेस!"

त्यावर आईने लाडवांचा डबा उघडला. लाडू फार बारीक वळले म्हणून मावशी चिडली, आणि रात्री अकरापर्यंत दोघी बहिणी त्यावरून भांडत होत्या.

चौथ्या दिवशी दादा आणि चिरंजीव गाडी घेऊन आले. सोळा हजार खर्च. मावशीने गाडीभोवती हात फिरवला आणि "चांगली आहे हो!" असे प्रशस्तिपत्र दिले. ते दादाला आर. सी. बुकापेक्षा मोलाचे वाटले असावे.

पुढच्या दोन वर्षांत आई तीनदा गुहागरला जाऊन आली, तिन्ही वेळा एसटीने. सोबत आमच्यापैकी कोणी तरी आणि ती पायरी. मावशीची नजर हळूहळू कमी होत आहे. पण बहिणीची चाहूल तिला आता पायरीच्या आवाजावरून लागते.

व्हॅन दादाकडेच आहे. घाट तिला वर्ज्य. मंडई, दवाखाना आणि लग्नकार्ये एवढे तिचे राज्य. मध्यंतरी एक गिऱ्हाईक आले होते, किंमतही बरी देत होते. दादाने त्याला बसवून चहा दिला, तेलाचे टोपण उलटे करून दाखवले, हेळवाकची सगळी हकिगत सांगितली आणि सोळा हजारांची पावतीही पुढे ठेवली. गिऱ्हाईक चहा पिऊन गेले, ते गेलेच.

"दादा, एवढं सगळं सांगायची काय गरज होती? अशानं ही गाडी विकली जायची कशी?" मी विचारले.

दादा गाडी पुसत होता. म्हणाला, "विकली जाईल की. पण त्यासाठी आधी हळद लावावी लागेल."